आरोग्य-व्यावसायिकांचे संयुक्त ग्रामीण प्रशिक्षण

वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, दंतवैद्यक, भौतिकी चिकित्सा, आयुर्वेद, समाजकार्य इ. निरनिराळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांनी खेड्यातील लोकसमूहात एकत्र राहून वा नियमितपणे एकत्र जाऊन आरोग्यसेवेचे काम एकमेकांसह व एकमेकांकडून शिकणे, यास संयुक्त किंवा आंतरव्यावसायिक ग्रामीण प्रशिक्षण म्हणतात. अनेक शाखांचे विद्यार्थी एकाच व्याख्यानगृहात बसविले म्हणजे असे प्रशिक्षण होत नाही. तसेच एकाच खेड्यात निरनिराळ्या दिवशी निरनिराळ्या महाविद्यालयांची शिबिरे भरली, तरीही ते होत नाही. समान काम, त्या कामाची समजून-उमजून केलेली वाटणी आणि परिणामाची समाईक जबाबदारी ही त्याची तीन लक्षणे होत. पुढे ज्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात एकत्र काम करावयाचे आहे, त्यांना विद्यार्थिदशेतच परस्परांच्या ज्ञानाची व मर्यादांची ओळख व्हावी, हा त्याचा प्रमुख उद्देश असतो. प्रस्तुत नोंदीत या प्रशिक्षणाचे सर्वसाधारण स्वरूप सांगून मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

गरज : खेड्यातील आजार शास्त्रशाखांप्रमाणे विभागलेला नसतो. एखाद्या बालकाच्या अतिसारात दूषित पाणी, अपुरा आहार, आईची मजुरी, घरापासून दवाखान्यापर्यंतचे अंतर आणि अर्धवट घेतलेली औषधे ही सर्व कारणे एकत्र गुंतलेली असतात. यांपैकी एकेक कारण एकेका व्यवसायाला चटकन दिसते. सर्व कारणे मात्र कोणा एकाला दिसत नाहीत.

नांदेड व लातूर हे मराठवाड्याच्या आग्नेय भागातील शेजारी जिल्हे आहेत. लातूर जिल्हा १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३,६१,२९२, तर लातूरची २४,५४,१९६ होती आणि दोन्ही जिल्ह्यांत सु. तीन चतुर्थांश लोक ग्रामीण भागात राहत होते. नांदेड जिल्ह्याचे स्वरूप एकजिनसी नाही. गोदावरीकाठची काळ्या जमिनीची गावे, किनवट व माहूर या डोंगराळ तालुक्यांतील गोंड, कोलाम, आंध इ. आदिवासींच्या वस्त्या व बंजाऱ्यांचे तांडे आणि तेलंगणाच्या सीमेवरील देगलूर, बिलोली, धर्माबाद हे तालुके यांच्या आरोग्याचे प्रश्न वेगवेगळे आहेत. मराठीबरोबरच तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा, दखनी उर्दू या भाषाही तेथे बोलल्या जातात. लातूर जिल्हा मांजरा व तेरणा यांच्या खोऱ्यांत वसला असला, तरी पाणीटंचाई तेथे वारंवार उद्भवते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते.

पाणी अनेक दिवसांनी येते, तेव्हा ते पिंपांत व रांजणांत साठविले जाते. झाकण नसलेल्या अशा साठ्यात डेंग्यूचा प्रसार करणारे एडिस डास वाढतात, तर भांड्यात हात बुडवून पाणी घेतल्याने ते दूषित होते. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून सर्व भांडी रिकामी करून घासावीत, असा सल्ला दिला जातो. परंतु पुढचे पाणी केव्हा येईल याची शाश्वती नसलेली गृहिणी साठविलेले पाणी ओतून देण्यास तयार होत नाही. तिचे म्हणणे ऐकून पाणी गाळून दुसऱ्या भांड्यात काढणे, घट्ट झाकण किंवा कापड बांधणे यांसारखा व्यवहार्य मार्ग शोधावा लागतो. नांदेड जिल्ह्यातील काही भागांत भूजलात फ्लोराइडाचे प्रमाण जास्त आढळते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १.५ मिग्रॅ. पेक्षा अधिक असू नये, असे मानक आहे. दीर्घकाळ जास्त फ्लोराइड पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात व पुढे हाडे आणि सांधे ताठरतात. दातांवरील डाग दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला दिसतात, कंबर व गुडघे यांची हालचाल भौतिकी चिकित्सेचा विद्यार्थी मोजतो, आहारातील उणिवा परिचर्येच्या विद्यार्थिनीच्या ध्यानात येतात. परंतु या सर्वांचे मूळ एकाच विंधनविहिरीत आहे, हे त्यांनी आपापल्या नोंदी एकत्र मांडल्याशिवाय समजत नाही.

मुखेड, कंधार, जळकोट यांसारख्या तालुक्यांतून अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी परजिल्ह्यांत व परराज्यांत जातात. त्यामुळे बालकांचे लसीकरण, गर्भवतींची तपासणी व किमान सहा महिने चालणारा क्षयरोगाचा उपचार यांत खंड पडतो. असा खंड टाळण्यासाठी परिचारिका, औषधनिर्माता, वैद्य व समाजकार्यकर्ता यांना एकाच नोंदीवर काम करावे लागते. [⟶ क्षयरोग].

ऐतिहासिक आढावा : भारतात आरोग्यसेवेची कल्पना आरंभापासूनच पथकाच्या स्वरूपात मांडली गेली. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये सादर केलेल्या अहवालात ४०,००० लोकवस्तीसाठी एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचविले होते. त्यात दोन वैद्यांबरोबर सार्वजनिक आरोग्य परिचारिका, प्रसाविका, प्रशिक्षित सुइणी, स्वच्छता निरीक्षक, आरोग्य सहायक व औषधनिर्माता यांचा समावेश होता. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण देऊन ‘सामाजिक वैद्य’ घडवावा, अशीही शिफारस समितीने केली. सामुदायिक विकास योजनेबरोबर १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे सुरू झाली. सपाट प्रदेशात ३०,००० व डोंगराळ किंवा आदिवासी प्रदेशात २०,००० लोकांमागे एक केंद्र आणि अनुक्रमे ५,००० व ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, हे प्रमाण नंतर रूढ झाले.

मात्र पथकाने काम करावे अशी अपेक्षा असली, तरी त्यातील प्रत्येकाचे शिक्षण वेगळे राहिले. कर्तारसिंग समितीने १९७३ मध्ये हिवताप, देवी, कुटुंबनियोजन इ. कार्यक्रमांचे स्वतंत्र कर्मचारी रद्द करून बहुउद्देशीय आरोग्यसेवक व आरोग्यसेविका नेमावेत, असे सुचविले. श्रीवास्तव समितीने १९७५ मध्ये वैद्यकीय शिक्षण व साहाय्यक मनुष्यबळ यांचा एकत्रित विचार केला. तिच्या शिफारशींना अनुसरून १९७७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्दिशानिर्धारणाची योजना सुरू झाली व प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकासगटांच्या आरोग्याची जबाबदारी घ्यावी, असे ठरले. या योजनेमुळे वैद्यकाचे विद्यार्थी खेड्यात गेले. परंतु त्यांच्याबरोबर परिचर्या व औषधनिर्माणशास्त्र यांच्या विद्यार्थ्यांनीही जावे, अशी तिची मांडणी नव्हती.

परदेशांत याच सुमारास दोन महत्त्वाचे प्रयोग झाले. फिलिपीन्समधील लेते बेटावर १९७६ मध्ये स्थापन झालेल्या आरोग्यविज्ञान विद्यालयात प्रसाविका, परिचारिका व वैद्य हे शिक्षण एकाच शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे रचण्यात आले आणि विद्यार्थ्यांची निवड त्यांच्या गावाच्या शिफारशीवरून होऊ लागली. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठात १९८६ पासून आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांना काही काळ एकत्र शिकविण्यात येऊ लागले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ मध्ये आरोग्यपथकासाठी बहुव्यावसायिक शिक्षणाचा पुरस्कार करणारा अहवाल प्रसिद्ध केला व २०१० मध्ये आंतरव्यावसायिक शिक्षण आणि सहकार्याने चालणारी सेवा यांविषयी कृतीची रूपरेषा मांडली.

महाराष्ट्रातील पूर्वप्रयत्न : सेवाग्राम (जि. वर्धा) येथे डॉ. सुशीला नायर यांच्या प्रेरणेने १९६९ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे पंधरा दिवसांचे निवासी शिबिर खेड्यात भरते. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात आणि शिबिरानंतरही त्या कुटुंबांशी संबंध ठेवला जातो. एकदाच दिलेल्या भेटीपेक्षा त्याच घरी वारंवार जाण्याने अधिक शिकता येते, हे तत्त्व या पद्धतीने रुजविले.

मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेड (जि. अहमदनगर; २०२४ पासून अहिल्यानगर) येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. या दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसायसाय पुरस्कार मिळाला. गावाने निवडलेल्या, बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रियांना दर आठवड्यास प्रशिक्षण देऊन ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करण्यात आले. परिचारिका, समाजकार्यकर्ता व वैद्य यांचे फिरते पथक त्यांना गावोगावी साहाय्य करीत असे. या प्रकल्पाचे वैशिष्ट्य असे, की तेथे शिकण्यास येणाऱ्या देशीविदेशी प्रशिक्षणार्थींच्या शिक्षकांत या ग्राम कार्यकर्त्याही असतात. ज्ञान वरून खाली जाते ही समजूत त्यामुळे मोडली जाते.

मराठवाड्यात आधुनिक वैद्यकाचे पहिले शासकीय महाविद्यालय औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ मध्ये निघाले. लातूरच्या शेजारी अंबाजोगाई (जि. बीड) येथे १९७४ मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयाच्या नावातच ‘ग्रामीण’ हा शब्द असून त्यास हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव दिलेले आहे. मोठे रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय शहरातच असावे, हा संकेत या संस्थेने मोडला.

किल्लारी भूकंपाचा धडा : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास औसा तालुक्यातील (जि. लातूर) किल्लारीच्या परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांतील सु. ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे यांखाली माणसे झोपेतच गाडली गेली. पहिल्या काही दिवसांत शस्त्रक्रिया, रक्तपुरवठा व अस्थिभंगावरील उपचार यांना महत्त्व होते. त्यानंतर स्वच्छ पाणी, तात्पुरत्या निवाऱ्यातील स्वच्छता व साथींचा प्रतिबंध यांची गरज निर्माण झाली. पुढील महिन्यांत अपंगत्व आलेल्यांचे पुनर्वसन आणि आप्त गमावलेल्यांचे मानसिक आरोग्य हे प्रश्न प्रमुख ठरले. आपत्तीच्या प्रत्येक टप्प्यावर पुढे असणारा व्यवसाय बदलत जातो व कोणत्याही एका शाखेकडे नेतृत्व कायम राहू शकत नाही, हे या घटनेने स्पष्ट केले. आपत्तीत एकत्र येणाऱ्यांना परस्परांच्या कामाची आधीपासून माहिती असेल, तर गोंधळ व कामाची द्विरुक्ती टळते. संयुक्त प्रशिक्षणाच्या बाजूने या भागाच्या इतिहासातील हा सर्वांत बलवान पुरावा मानता येईल.

नांदेड व लातूर येथील शिक्षणाची रचना : नांदेड येथे १९८८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यास डॉ. शंकरराव चव्हाण यांचे नाव देण्यात आले असून ते शहरालगत विष्णुपुरी येथे आहे. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही आहे. लातूर येथे खाजगी वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले; ते आज विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. दोन्ही शहरांत परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र व इतर आरोग्यशाखांच्या शिक्षणसंस्था आहेत. म्हणजेच संयुक्त प्रशिक्षणास लागणारे बहुतेक सर्व घटक एकेका शहरात उपलब्ध आहेत. नाशिक येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठामुळे राज्यातील वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकी चिकित्सा इ. शाखांची महाविद्यालये एका विद्यापीठाच्या छत्राखाली आली, ही गोष्टही अनुकूल आहे.

याउलट प्रत्येक शाखेचा अभ्यासक्रम ठरविणारी राष्ट्रीय परिषद वा आयोग निराळा आहे. वैद्यक, भारतीय चिकित्सापद्धती व होमिओपॅथी यांसाठी २०१९–२० मधील कायद्यांन्वये, सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ च्या, तर दंतवैद्यक व परिचर्या यांसाठी २०२३ च्या कायद्यान्वये स्वतंत्र आयोगांची तरतूद झाली. ग्रामीण प्रशिक्षण केव्हा व किती काळ द्यावयाचे, हे त्यामुळे शाखेगणिक वेगळे ठरते. वैद्यकाच्या पदवी अभ्यासक्रमात अलीकडे कुटुंब दत्तक कार्यक्रमाचा समावेश झाला असून त्यानुसार पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांकडे ग्रामीण कुटुंबे सोपविली जातात. याच कुटुंबांच्या भेटी परिचर्या व अन्य शाखांच्या विद्यार्थ्यांबरोबर आखल्यास नवी यंत्रणा न उभारता संयुक्त प्रशिक्षणाचा पाया घालता येतो. सेवेच्या क्षेत्रात अशी सरमिसळ आधीच झाली आहे. २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर होऊ लागल्यावर तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्यात आले. महाराष्ट्रात या पदावर आयुर्वेद व परिचर्या अशा भिन्न शाखांचे पदवीधर काम करतात आणि त्यांना आरोग्यसेविका, आरोग्यसेवक व आशा यांच्याबरोबर पथक म्हणून वागावे लागते.

कार्यपद्धती : सहा ते आठ विद्यार्थ्यांचा मिश्र गट, त्यास नेमून दिलेली वस्ती व किमान दोन शाखांचे मार्गदर्शक शिक्षक, अशी या प्रशिक्षणाची सोयीस्कर मांडणी असते. पहिल्या भेटीत रुग्णतपासणी न करता सरपंच, आशा, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांच्या साहाय्याने गावाचा नकाशा काढतात. त्यात विहिरी, हातपंप, गटारे, शाळा, तांडे व गावकुसाबाहेरील वस्त्या दाखवितात. त्यानंतर घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबाची एकच समाईक नोंदवही तयार करतात. निरनिराळ्या शाखांनी निराळ्या प्रश्नावल्या घेऊन एकाच घराचे दार पुन्हापुन्हा ठोठावू नये, हा त्यामागील हेतू असतो.

कामाची वाटणी अतिसाराच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. पावसाळ्यात एखाद्या वस्तीत अतिसाराचे रुग्ण आढळले, तर वैद्यकाचा विद्यार्थी शिक्षकाच्या देखरेखीखाली निर्जलीभवनाची लक्षणे पाहतो. ‘टाळू खोल गेली’ असे आई म्हणते, तेव्हा ती त्यांपैकीच एक लक्षण सांगत असते, हे त्याला अनुभवी आरोग्यसेविकेकडून कळते. परिचर्येची विद्यार्थिनी जलसंजीवनीचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात कसे विरघळवावे, ते घोटघोट कसे पाजावे व स्तनपान का थांबवू नये, हे आईकडून प्रत्यक्ष करवून घेते. औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी घरातील उरलेल्या बाटल्या व गोळ्या पाहून अनावश्यक प्रतिजैविके ओळखतो आणि जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस पुऱ्या का द्याव्यात, हे समजावतो. समाजकार्याचा विद्यार्थी मजुरी बुडण्याच्या भीतीने आई दवाखान्यात जात नाही, हे जाणून घेतो. गट मिळून गावाच्या विहिरीची पाहणी करतो. सामान्यतः १,००० लिटर पाण्यास सु. २.५ ग्रॅ. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर लागते आणि ती टाकल्यावर किमान एक तास पाणी वापरू नये, हे तेथे शिकता येते. नळाच्या शेवटच्या टोकाशी लिटरमागे ०.२ मिग्रॅ. मुक्त क्लोरीन शिल्लक आहे की नाही, हे गावाच्या जलसुरक्षकाबरोबर तपासतात.

दिवसाच्या अखेरीस होणारी गटाची बैठक हा या प्रशिक्षणाचा गाभा होय. तीत प्रत्येकाने आपणास काय दिसले व दुसऱ्यास काय दिसले जे आपणास दिसले नव्हते, हे सांगावयाचे असते. बैठकीचे अध्यक्षपद पाळीपाळीने सर्व शाखांकडे जाते. किनवटसारख्या बहुभाषिक भागात स्थानिक आशा कार्यकर्ती दुभाषी म्हणून नव्हे, तर गटाची सभासद म्हणून बैठकीत असणे आवश्यक ठरते.

अडचणी व मर्यादा : पहिली अडचण वेळापत्रकाची आहे. अभ्यासक्रमांचा कालावधी, परीक्षा व सुट्ट्या यांत मेळ नसल्याने समान दिवस मिळणे कठीण जाते. दुसरी अडचण प्रतिष्ठेच्या उतरंडीची आहे. वैद्याने सांगावे व इतरांनी करावे, ही सवय विद्यार्थी आपल्या शिक्षकांकडूनच उचलतात. म्हणून शिक्षकांनी स्वतः एकत्र काम करून दाखविल्याशिवाय विद्यार्थ्यांचे संयुक्त प्रशिक्षण यशस्वी होत नाही. तिसरी अडचण शिक्षणाची व लोकांची भाषा यांतील अंतराची आहे. शिवाय एकत्र काम म्हणजे एकमेकांचे काम करणे नव्हे. प्रत्येक व्यवसायाच्या कायदेशीर मर्यादा कायम राहतात आणि विद्यार्थ्याने अनुज्ञाप्राप्त व्यावसायिकाच्या देखरेखीविना उपचार करणे अनुचित असते.

सर्वांत गंभीर प्रश्न लोकांच्या बाजूचा आहे. विद्यार्थी येतात, वजन-उंची मोजतात, प्रश्न विचारतात व निघून जातात. त्या माहितीचे पुढे काय झाले हे गावाला कळत नाही. अशा वेळी खेडे हे केवळ शिकण्याचे साधन बनते व पुढच्या तुकडीला लोक मनापासून उत्तरे देत नाहीत. यासाठी कुटुंबाची संमती घेणे, आढळलेल्या रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय यांच्यापर्यंत पोहोचविणे, माहिती गोपनीय ठेवणे आणि वर्षाअखेरीस निष्कर्ष ग्रामसभेपुढे मराठीत किंवा तेथील बोलीत मांडणे ही प्रशिक्षणाची अविभाज्य अंगे मानली पाहिजेत.

मूल्यमापन : केवळ लेखी परीक्षेने या प्रशिक्षणाचे मोजमाप होत नाही. विद्यार्थ्याने दुसऱ्या व्यवसायाकडे योग्य वेळी रुग्ण पाठविला की नाही, गटातील मतभेद कसे मिटविले व कुटुंबाच्या समाईक नोंदवहीत भर घातली की नाही, हे पाहावे लागते. मूल्यमापनात मार्गदर्शक शिक्षकांबरोबर गटातील सहकारी, आरोग्यसेविका व आशा यांचेही मत घेता येते. गावाच्या बाजूने लसीकरण पूर्ण झालेली बालके, खंड न पडता उपचार संपविलेले क्षयरोगी व नियमित शुद्धीकरण होणारे जलसाठे यांची संख्या हे निकष ठरतात. एका तुकडीची नोंदवही पुढच्या तुकडीकडे सोपविली गेली व त्याच कुटुंबांच्या पाठपुराव्यात सातत्य राहिले, तरच असे बदल दिसू शकतात.